मॅनिफोल्डचे पॅकिंग: बदलण्यापूर्वी ते का गेले हे पाहावे

मानेवाडाकर

नमस्कार. गेल्या हिवाळ्यापासून माझ्या गाडीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांतून जळका गॅस गोळा करून बाहेर नेणाऱ्या नळखंडाच्या) पॅकिंगने, म्हणजे तो सांधा बंद ठेवणाऱ्या पातळ पट्टीने, मला बराच त्रास दिला. त्यातून जे कळले ते नागपुरातल्या इतर गाडीमालकांच्या उपयोगी पडावे आणि त्यांचा तोच खर्च वाचावा, म्हणून हा धागा काढत आहे. गाडी बाराशे सीसीची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक असून नव्वद हजार किलोमीटर चाललेली आहे.

डिसेंबरात पारा दहाच्या आसपास उतरला होता, त्या दिवसांत सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून एका लयीत टकटक ऐकू येई आणि पाचसात मिनिटांत, इंजिन तापले की, तो आवाज आपोआप विरून जाई. गॅरेजमध्ये हा टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा, आवाज ठरवून टॅपेट सेट करून दिले गेले, पण आवाज तसाच राहिला. पंधरा दिवसांनी चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी ०१७१ हा कोड आला, म्हणजे मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असल्याची तक्रार आली, आणि तेवढ्यावरून ऑक्सिजन सेन्सर बदलला गेला. आठवड्याभराने दिवा पुन्हा लागला. शेवटी एका रविवारी, इंजिन पूर्ण गार असताना, मी स्वतः मॅनिफोल्डवरचा हीट शील्डचा पत्रा काढला. टॉर्चच्या उजेडात दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या सांध्यापासून वर हेडवर, म्हणजे सिलिंडरांच्या झाकणावर, पसरलेली, हातपंख्याच्या आकाराची काळी काजळी दिसली. बोट फिरवल्यावर ती कोरड्या भुकटीसारखी लागली. तेलाची गळती असती तर बोट चिकट झाले असते.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण तिच्यामुळेच माझा सेन्सर विनाकारण बदलला गेला. एक्झॉस्टमधून गॅस बाहेर जातो, मग गळतीमुळे मिश्रण लीन कसे दिसेल, असे मलाही वाटले होते. प्रत्यक्षात गॅस सलग धारेने जात नाही, तो धक्क्याधक्क्याने जातो, आणि दोन धक्क्यांच्या मध्ये मॅनिफोल्डमधला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षाही खाली येतो. त्या क्षणी फाटलेल्या पॅकिंगमधून बाहेरची हवा आत ओढली जाते, पुढे बसवलेल्या सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, आणि इंजिनाचा संगणक मिश्रण लीन समजून पेट्रोल वाढवत राहतो. म्हणून कोड लीन असल्याचे सांगत होता आणि काढलेले प्लग मात्र काळे पडले होते. कोड आणि प्लग यांची अशी परस्परविरोधी साक्ष मिळाली, तर सेन्सरला दोष देण्याआधी एक्झॉस्टचे सांधे तपासावेत, असे माझे आता ठाम मत आहे.

पॅकिंग बदलून घेतले, आवाज गेला, दिवा विझला. तीन महिन्यांनी दोन्ही परत आले. या वेळी शेजारच्या एका निवृत्त मिस्त्रींना सोबत घेऊन मॅनिफोल्ड उतरवला, त्याच्या तोंडावर सरळ पट्टी उभी धरली आणि खालून फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, घालून पाहिले. मधोमध ०.३० मिलिमीटरची पाती अलगद आत गेली. माझ्या इंजिनाच्या मॅन्युअलात मर्यादा ०.१० मिलिमीटरची आहे. म्हणजे पॅकिंग निर्दोष होते, वाकडा झाला होता तो मॅनिफोल्ड, आणि पहिल्या वेळी तो कोणी तपासलाच नव्हता.

आपल्यापैकी कोणाला असा अनुभव असल्यास कृपया सविस्तर लिहावे.


कामठी रोड ७

चांगला विषय काढलात. मॅनिफोल्ड वाकडा का होतो, त्याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. मॅनिफोल्ड बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, असतो आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला लोखंडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते, परंतु हेडला पाण्याचे शीतकरण असल्यामुळे ते शंभर अंशांच्या आसपासच राहते, तर मॅनिफोल्ड काही शे अंशांपर्यंत तापतो. दोन टोकांच्या स्टडमधले, म्हणजे मॅनिफोल्ड धरून ठेवणाऱ्या आटेदार सळ्यांमधले, अंतर ३० सेंटिमीटर धरले आणि मॅनिफोल्ड ५०० अंशांनी तापला असे मानले, तर तो दीड मिलिमीटरहून थोडा अधिक वाढतो, तर हेड ८० अंशांनी तापून अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास वाढते. उरलेला मिलिमीटरभर फरक प्रत्येक वेळी गाडी तापताना आणि गार होताना पॅकिंगवर घासून निघतो. याच कारणाने मॅनिफोल्डची टोकाकडची भोके स्टडपेक्षा मोठी किंवा लांबट ठेवलेली असतात, म्हणजे लोखंडाला दोन्ही बाजूंना सरकायला वाव मिळतो. नट नको तितके आवळले, किंवा त्या भोकांत गंज आणि काजळी भरून बसली, की सरकणे थांबते आणि ताण मॅनिफोल्डच्या अंगात उतरतो. मग तो वाकतो, नाही तर तडकतो.

मधून बाहेर आवळत जाण्याचा नियम पुष्कळांना ठाऊक असतो, त्यामागे हेही एक कारण आहे. मध्यभाग आधी स्थिर केला की उरलेला भाग दोन्ही टोकांकडे सपाट बसत जातो. टोके आधी आवळली तर मधला फुगवटा तसाच अडकून राहतो. काढताना क्रम नेमका उलटा असावा, टोकांकडून मध्याकडे, आणि प्रत्येक नट एकदम न काढता पाऊण पाऊण फेरा सैल करत जावे.


धरमपेठ हॅचबॅक

या चर्चेत इनटेकच्या बाजूचा, म्हणजे इंजिनात हवा घेणाऱ्या मॅनिफोल्डचा, प्रश्न विचारला तर चालेल का? माझी गाडी अकरा वर्षांची आहे. गेल्या मे महिन्यापासून ती न्यूट्रलमध्ये चौदाशे ते पंधराशे आरपीएमवर राहते, सिग्नलवर उभी असताना इंजिन आपोआप रेस झाल्यासारखे वाटते, आणि बॉनेट उघडल्यावर सूं असा बारीक आवाज येतो. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. थ्रॉटल बॉडी (आत जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) दोनदा साफ करून झाली, तरी फरक पडला नाही. कोड नसताना पॅकिंग गेलेले असू शकते का?


कामठी रोड ७

असू शकते, ताई. कोड का आला नाही हे कळण्यासाठी आपल्या इंजिनात हवा कशी मोजली जाते ते पाहावे लागेल.

काही इंजिनांत थ्रॉटलच्या आधी मास एअर फ्लो सेन्सर असतो आणि आत जाणारी हवा तो थेट मोजतो. त्याच्या पुढे इनटेकच्या पॅकिंगमधून शिरलेली हवा मोजणीतून निसटते, पेट्रोल त्या मानाने कमी पडते, मिश्रण लीन होते आणि पी ०१७१ येतो. आपल्याकडच्या पुष्कळ लहान गाड्यांत मात्र मॅप सेन्सर असतो, जो मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा अंदाज बांधतो. गळतीतून हवा शिरली की दाब वाढतो, संगणकाला इंजिन जास्त हवा घेत असल्याचे दिसते, तो त्या प्रमाणात पेट्रोलही वाढवतो, आणि परिणामी मिश्रण फारसे न बिघडता आरपीएम चढते. संगणक आयडलचा, म्हणजे गाडी उभी असताना हवा जाण्याचा, मार्ग बंद करत आणून ते खाली ओढण्याचा प्रयत्न करतो, आणि तो प्रयत्न पुरा पडेनासा झाला की मगच पी ०५०७ हा कोड येऊ शकतो. आपली लक्षणे या वर्णनाशी जुळतात.

तपासणी घरीही करता येते. इंजिन चालू असताना मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या सांध्यावर साध्या पाण्याचा बारीक फवारा एकेका सिलिंडरपाशी मारावा. वायरिंग, कॉइल आणि फिरत्या बेल्टपासून हात आणि पाणी दोन्ही दूर ठेवावेत. जिथे गळती असेल तिथे पाणी क्षणभर फट बुजवते आणि इंजिनाचा सूर बदलतो. अनेक जण यासाठी कार्ब क्लीनर मारतात. तो ज्वालाग्राही असतो आणि शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असतो, म्हणून मी तो सुचवणार नाही. गॅरेजमध्ये धुराचे यंत्र असेल तर इंजिन बंद ठेवून धूर भरणे सर्वांत खात्रीचे.

आपल्याकडे व्हॅक्यूम गेज (इनटेकमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती कमी आहे ते दाखवणारे मापक) असेल तर एक स्थानिक बारकावा लक्षात ठेवावा. समुद्रसपाटीला निरोगी पेट्रोल इंजिन आयडलवर साधारण १७ ते २१ इंच पारा इतका व्हॅक्यूम दाखवते, आणि उंची दर हजार फुटांनी वाढली की आकडा सुमारे एक इंच उतरतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर, म्हणजे हजार फुटांच्या आसपास आहे, त्यामुळे इथे १६ ते २० पाहून घाबरू नये. काटा स्थिर असून त्याहून बराच खाली असेल तर हवेच्या गळतीचा संशय घ्यावा.


वाडी ट्रान्सपोर्ट

माझ्याकडे टर्बो डिझेल आहे. त्याला यातले काय लागू होते?


कामठी रोड ७

डिझेलच्या इनटेकमध्ये पेट्रोलसारखा व्हॅक्यूम नसतो, म्हणून आयडल चढण्याचे लक्षण तिथे शोधू नये. टर्बोच्या, म्हणजे हवा दाबून आत ढकलणाऱ्या पंख्याच्या, पुढे इनटेकचे पॅकिंग गेले तर हवा आत येण्याऐवजी बाहेर फेकली जाते, दाबाखाली फुस्स आवाज होतो, पिकअप पडतो आणि काळा धूर येतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बो यांच्या मधले पॅकिंग गेले तर टर्बोला फिरवणारा गॅस वाटेतच निसटतो, आणि तक्रार जवळजवळ तीच येते. फरक ओळखायला काजळी हाच उत्तम पुरावा: ती फक्त एक्झॉस्टच्या बाजूला सापडेल.


जुना फिटर

मी चाळीसहून अधिक वर्षे पाना हातात धरला आहे आणि आता हिंगण्याच्या बाजूला राहतो. वर जे लिहिले गेले ते बरोबर आहे. मी फक्त हाताच्या कामाबद्दल लिहितो, कारण पॅकिंग पुन्हा जाण्याची बहुतेक कारणे कामाच्या घाईत असतात.

एक्झॉस्टचा नट कधीही कोरडा ओढू नये. आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी प्रत्येक स्टडच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडावे. दुसऱ्या दिवशी सहा कोनांची गोटी (सॉकेट) पूर्ण बसवून नट आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा. गंजाचा पापुद्रा तुटल्याची बारीक कट ऐकू येते, आणि मग तो उलटा फिरवावा. तरीही न हलल्यास, पेट्रोलची नळी आणि वायरिंग दूर केल्याची खात्री करून, फक्त नट तापवावा आणि गरम असतानाच त्याच्या कडेला साधी मेणबत्ती टेकवावी. मेण वितळून आट्यांत ओढले जाते आणि वंगणाचे काम करते. हा उपाय माझ्या उस्तादांनी मला शिकवला आणि त्याने मला क्वचितच दगा दिला आहे.

एवढे करूनही स्टड हेडच्या पातळीवर तुटला, तर लगेच ड्रिल लावू नये. तुटक्या टोकावर नवा नट ठेवून त्याच्या भोकातून वेल्डिंग भरावे. पोलादाचे वेल्ड अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही, स्टड मात्र नटाशी एकजीव होतो, आणि त्या उष्णतेने आट्यांतला गंजही सुटतो. लालपणा ओसरला की पाना लावून हळूहळू मागेपुढे करत तो बाहेर काढावा. वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल सोडावेत, नाहीतर गाडीचा संगणक जाऊ शकतो. आटे गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून घ्यावी. जाड स्टड कसाबसा ठोकून बसवणे हा उपाय नव्हे.

सफाईबद्दल मला सर्वांत जास्त तळमळीने लिहायचे आहे. मॅनिफोल्ड उतरला की पहिल्यांदा हेडच्या प्रत्येक पोर्टमध्ये स्वच्छ सुती कापडाचा बोळा घालावा आणि बोळे मोजून ठेवावेत. अ‍ॅल्युमिनियमवर पोलादी पट्टी किंवा वायरचा ब्रश चालवू नये, प्लास्टिकची किंवा लाकडाची खरवडणी वापरावी आणि जुने पॅकिंग सोडवणाऱ्या द्रावणाला त्याचा वेळ द्यावा. ग्राइंडरला घासण्याची चकती लावून दोन मिनिटांत हेड चकचकीत करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्या चकतीची भुकटी इंजिनात उतरते, तेलात मिसळते आणि बेअरिंग खाते. शिवाय पृष्ठभागावर अशी खळगी पडते की नखाला लागत नाही, पण गॅसला वाट देते. जुन्या काळच्या गाडीचे पॅकिंग असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चालावे, ते ओले करूनच काढावे आणि त्यावर कॉम्प्रेसरची हवा मुळीच मारू नये.

मॅनिफोल्ड वाकडा निघाल्यास लेथवाल्याकडे नेऊन फेसिंग करून, म्हणजे तोंड घासून सपाट करून, घ्यावे, पण चारही तोंडे एकाच बैठकीत घासली जातील याची तजवीज करून घ्यावी. तडा आहे का तेही त्याच वेळी पाहावे. बारीक तडा डोळ्याला दिसत नाही, पण काजळीची रेघ त्याची जागा दाखवते.

पॅकिंगला शेलॅक किंवा सिलिकॉन पेस्ट लावण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. कागदी पॅकिंग आणि जुनी इंजिने होती तेव्हा तिचा उपयोग होत असे. आजची एक्झॉस्टची पॅकिंग पोलादाच्या अनेक पातळ थरांची असतात आणि त्यांवर उठवलेली कड स्प्रिंगसारखी दाबली जाऊन सांधा बंद करते. ती कोरडीच बसवावी. साधी सिलिकॉन पेस्ट एक्झॉस्टच्या उष्णतेत जळून जाते आणि जळाली की तिच्याच जागी फट राहते. इनटेकच्या रबरी सीललाही पेस्ट नको. मॅन्युअलात एखाद्या कोपऱ्यात थेंब लावायला सांगितला असेल तर तेवढाच लावावा.


धरमपेठ हॅचबॅक

पाण्याचा फवारा मारून पाहिला. चौथ्या सिलिंडरपाशी पाणी पडताच आरपीएम चौदाशेवरून खाली आले आणि दोनतीन सेकंदांत परत चढले. गळती सापडली, मनापासून आभार. माझा मॅनिफोल्ड प्लास्टिकचा आहे. हे काम मी भावाच्या मदतीने घरीच करावे म्हणते. कोणती काळजी घ्यावी?


जुना फिटर

घरी होण्यासारखे काम आहे, घाई मात्र करू नये. इंजिन रात्रभर गार होऊ द्यावे. इंजेक्टरची रेल, म्हणजे त्यांना पेट्रोल पुरवणारी नळी, उतरवावी लागणार असेल तर आधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे नळीतला दाब उतरतो, आणि त्यानंतरच बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडावे. काही गाड्यांत थ्रॉटल बॉडीतून कूलंटची नळी जाते, ती असल्यास कूलंट थोडे काढून घ्यावे. व्हॅक्यूमच्या प्रत्येक नळीला कागदी चिकटपट्टी लावून आकडा लिहावा आणि काहीही सोडण्यापूर्वी मोबाइलवर तीनचार बाजूंनी फोटो काढावेत.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पंचेचाळीस अंशांच्या दुपारी वाहतुकीत अडकलेल्या गाडीच्या बॉनेटखाली रबर वर्षानुवर्षे भाजत राहते. जुना सील काढल्यावर तो चिमटीत वाकवून पाहा. नवा सील दाबला की परत फुगतो. जुना सपाट होऊन घट्ट झालेला असेल, वाकवताच त्याला बारीक चिरा पडतील. सील खोबणीत बसवताना तो कुठेही पिळलेला नाही हे बोट फिरवून पाहावे.

प्लास्टिकच्या मॅनिफोल्डचे बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळू नयेत. सहा मिलिमीटरचे बोल्ट साधारणपणे ८ ते १० न्यूटन मीटरवरच आवळायचे असतात, आणि आठ मिलिमीटरचे अनेक इंजिनांत २० ते २५ वर. तरी आपल्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलातूनच घ्यावा. टॉर्क पाना भाड्याने किंवा ओळखीने मिळतो. मधल्या बोल्टपासून बाहेर जात आधी निम्म्या टॉर्कवर आणि मग पूर्ण टॉर्कवर, अशा दोन फेऱ्या घ्याव्यात. प्लास्टिकच्या भोकांत धातूच्या नळ्या बसवलेल्या असतात, त्या जागच्या जागी आहेत ना ते पाहावे, कारण बोल्टचा दाब त्या पेलतात आणि त्या नसल्या तर प्लास्टिक तडकते.


वाडी ट्रान्सपोर्ट

आमच्याकडे पॅकिंग बदलले की पाचशे किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घेतात. ते करावे की नाही?


मानेवाडाकर

माझ्या माहितीप्रमाणे ते पॅकिंगच्या जातीवर ठरते. ग्रॅफाइट किंवा तंतूंची जुन्या धाटणीची पॅकिंग तापून थोडी दबतात, म्हणून त्यांच्यासाठी काही उत्पादक पुन्हा आवळायला सांगतात. पोलादी थरांच्या पॅकिंगला त्याची सहसा गरज पडत नाही. मॅन्युअलात सांगितले नसताना सवयीने दर वेळी आवळत गेल्यास स्टड ताणला जातो. माझ्या पहिल्या दुरुस्तीनंतर असेच आवळून घेतले होते. उतरवल्यावर एक स्टड नव्या स्टडशेजारी धरून पाहिला, तर त्याचे आटे एका जागी विरळ झालेले आणि मधला भाग बारीक झालेला दिसला. असा स्टड मोजून आवळला तरी दाब धरत नाही. या वेळी सर्व स्टड आणि नट नवे घातले.


जुना फिटर

बरोबर केलेत. तसेच स्टडवर ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावल्यास त्याच टॉर्कवर स्टड जास्त ताणला जातो, हेही लक्षात असू द्यावे. मॅन्युअलात लावायला सांगितले असेल तरच लावावे.

आणखी एक, एक्झॉस्टची गळती आहे हे माहीत असताना काच बंद करून, एसी लावून, उभ्या गाडीत झोपू नये. केबिनमध्ये हवा घेणारी जाळी विंडस्क्रीनच्या तळाशी असते आणि बॉनेटखालचा गॅस तिथून आत येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उन्हाळ्यात गाडीत डुलकी घेणाऱ्या चालकांना हे घरच्यांनी निक्षून सांगावे.


धरमपेठ हॅचबॅक

काम झाले, साडेपाच तास लागले. चौथ्या सिलिंडरचा सील खरोखरच वाकवताच तुटला आणि त्याची एक बाजू काचेसारखी गुळगुळीत झाली होती. आता इंजिन तापल्यावर आरपीएम साडेसातशेवर स्थिर आहे आणि सूं आवाज थांबला आहे. एक नळी शेवटी उरली होती. फोटो पाहून ती ब्रेक बूस्टरची निघाली. फोटो काढायला सांगितल्याबद्दल काकांचे विशेष आभार.


मानेवाडाकर

फार आनंद झाला. माझ्या गाडीचेही कळवतो. फेसिंग केलेला मॅनिफोल्ड, नवे पॅकिंग आणि नवे स्टड बसवून सहाशे किलोमीटर झाले. लाँग टर्म फ्यूएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोलाच्या प्रमाणात सतत करत असलेला बदल, आधी अधिक १८ टक्के दाखवत होता, तो आता अधिक ३ वर आहे. काल प्लग काढून पाहिले, चारही फिकट तपकिरी आहेत. हीट शील्ड बसवण्यापूर्वी सांध्यावर साबणाचे पाणी लावले आणि ब्लोअरने सायलेन्सरच्या तोंडातून हवा भरून पाहिली. कुठेही फुगा आला नाही. तो लेथवाल्याकडून आणलेला मॅनिफोल्ड बसवण्याआधी पट्टी आणि फिलर गेज घेऊन पुन्हा मोजला होता, आणि ०.०५ ची पातीही कुठून आत गेली नव्हती.